साहेब, उन्हाळ्याच्या यादीत आमची डुकरं कुठं आहेत?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, पशुसंवर्धन खात्याचे जिल्ह्यातले अधिकारी, वीज कंपनीचे आमच्या उपविभागाचे अभियंता आणि पंचायत समितीचे सभापती यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागला. ‘उष्णतेच्या लाटेत पशुधनाची घ्यावयाची काळजी’ असं वर ठळक अक्षरात, खाली शिक्का. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी. एकेकाच्या नावापुढं सावली कशी करायची, पाणी किती वेळा पाजायचं, सगळं नीट लिहिलेलं. मी दोनदा वाचला. डुक्कर कुठंच नव्हतं. तेवढ्यावर मी गप्प बसले असते, कागदात नसणं आम्हाला नवीन नाही. पण शेवटच्या ओळीत होतं की टँकरसाठी पशुधनाच्या पाण्याची मागणी नोंदवताना वर दिलेल्या जनावरांचीच संख्या धरावी. म्हणजे मे महिन्यात गावाला टँकर लागला, तर माझ्या शेडातल्या सव्वाशे तोंडांच्या नावानं एक घागरही यायची नाही.

विचारायला आत गेले. खुर्चीवरचे भाऊ काही वाईट नव्हते, बसा म्हणाले, चहा सांगितला. मग म्हणाले, “वरून जसं आलं तसं लावलं, ताई. अन् डुकराले काय होते उन्हानं? ते त चिखलात मस्त लोळून राह्यते.”

हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. त्या भाऊंवर माझा राग नाही. ज्यांनी कुठंतरी बसून ती यादी केली, त्यांच्याही मनात हेच असणार, असा माझा संशय आहे.

मी पूर्व विदर्भातली शेतकरीण. अडीच एकर धान, आणि बांधाला लागून वराहपालनाचं शेड. चोवीस माद्या, दोन नर, बाकी पिल्लं नि वाढीची जनावरं. लार्ज व्हाईट यॉर्कशायर आणि गावठी यांचा संकर. नऊ वर्षं झाली. सुरुवातीला माझ्या हातचं पाणी न पिणारे दोन पाहुणे होते, त्यातल्या एकानं परवा माझ्याकडून पोराच्या धंद्यासाठी चार पिल्लं नेली, उधारीवर. सरकारी कागदात आम्ही ‘वराहपालक’ असतो आणि टेबलासमोर उभे राहिलो की ‘डुकरंवाले’ होतो. मला दोन्ही शब्द चालतात. कर्जाचा हप्ता कुठल्याच शब्दापाशी अडत नाही.

आता त्या चिखलाबद्दल.

डुकराला घाम येत नाही, साहेब. घामाच्या ग्रंथी नावाला असतात, कामाला येत नाहीत. थोडाफार ओलावा दिसतो तो नाकाडावर. बैल नांगराला जुंपला की घामानं निथळतो आणि तेवढाच गार होतो. डुकराला ती सोय नाही. वरून कातडीखाली चरबीचा थर, आणि अंगाच्या मानानं फुप्फुसं लहान. मग उरतात दोनच वाटा, धापा टाकणं किंवा अंग ओलं करणं. चिखलात लोळणं म्हणजे त्याचं अंग ओलं करणं. साधं पाणी कातडीवरून घटकाभरात उडून जातं, चिखल ते धरून ठेवतो, आणि वाळल्यावर त्याचा थर उन्हापासून कातडी झाकतो. पांढऱ्या जातीची कातडी माणसासारखी भाजते. कानामागं आणि पाठीवर लाल चट्टे उठतात, मग सालं निघतात.

म्हशीलाही घाम बेताचाच. म्हणून ती तळ्यात जाऊन बसते. म्हैस डबक्यात बसली की आपण म्हणतो, बिचारीला ऊन सोसवत नाही. डुक्कर बसलं की म्हणतो, घाणेरडं जनावर. खरं तर जागा मिळाली तर डुक्कर खायच्या आणि झोपायच्या जागेपासून लांब, एका कोपऱ्यात हागतं. रोज सकाळी शेड झाडते मी, मला तो कोपरा डोळे मिटून सापडेल. ते स्वतःच्या मुतात लोळायला लागलं तर समजायचं की त्याला दुसरं काही ओलं मिळालेलं नाही. मे महिन्यात एखाद्याचं डुक्कर शेणामुतात माखलेलं दिसलं तर त्या जनावराच्या सवयींबद्दल बोलण्याआधी मालकाच्या हौदात डोकावून बघावं. आणि मालकाच्या हौदात पाणी का नाही, हे विचारायला ग्रामपंचायतीत यावं.

वाढलेल्या डुकराला 18 ते 22 अंशांत बरं वाटतं. पिल्लांना पाजणारी मादी पारा 25 च्या वर गेला की खाणं कमी करायला लागते. आपल्याकडे मे महिन्यात कित्येक रात्री पारा 30 च्या आसपासच घुटमळतो. दुपारचं तर सांगायलाच नको. मैदानी भागात 45 अंश झाले की हवामान खातं त्याला सरळ उष्णतेची लाट म्हणतं, आणि आपल्याकडे 45 म्हणजे पेपरात आतल्या पानावरची बातमी. त्यातही गंमत अशी की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात 32 अंशांची ऊब लागते. एकाच दहा फुटांच्या खणात आईला हिवाळा हवा आणि लेकरांना उन्हाळा. मी काय करते, तर शेतातल्या ठिबकची एक नळी मादीच्या मानेवर येईल अशी वरून बांधते. थेंब थेंब पाणी खांद्यावर पडतं, तिला तेवढं पुरतं, आणि पिल्लांचा कोपरा कोरडा राहतो. ही युक्ती मला कुठल्या कागदातून मिळाली नाही. नागपूरच्या पशुवैद्यक कॉलेजात एकदा शिबिराला गेले होते, तिथं एका सरांनी चित्र काढून दाखवली होती. म्हणजे शास्त्र सगळं आपल्याजवळच आहे, ते फळ्यावरच्या कागदापर्यंत पोचलं नाही इतकंच.

गेल्या वर्षीचं सांगते. नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतला, तिसरा दिवस होता. सकाळी साडेदहाला वीज गेली. दुपारी सव्वादोनच्या सुमारास मदतीला असलेला पोरगा पळत आला, “काकू, मोठी उठूनच नाही राह्यली.”

‘मोठी’ म्हणजे माझी पाचव्या वेताची मादी. डुकरीण 114 दिवस पोट बाळगते, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं आम्ही मोजतो. तिचे पाच दिवस बाकी होते. गेले तर ती एका कुशीवर पडलेली, तोंड उघडं, ओठाशी फेस, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. कुशीवर नजर ठेवून पंधरा सेकंदांत तीस श्वास मोजले. मिनिटाला एकशे वीस. एरवी वीस ते तीस असतात, चाळिशी ओलांडली की मी पाण्याची धावपळ सुरू करते. थर्मामीटर लावला, 107.8. डुकराचा ताप आम्ही माणसासारखा फॅरनहाइटमध्येच मोजतो, आणि तिचं नेहमीचं 102 च्या वर थोडं.

डुंबायचा हौद सकाळीच संपला होता. टाकीत पाणी होतं. पण टाकी काळी, आणि तिथून शेडापर्यंतची काळी नळी उघड्या उन्हात पडलेली. तोटी सोडली आणि हात झटकन मागं घेतला, चहाचा पेला धरावा तसा चटका बसला. निपलमधून, म्हणजे जनावरांच्या पाणी प्यायच्या तोटीतून, असलं पाणी आलं की जनावर एकदा तोंड लावतं आणि फिरून लावत नाही. टाकी भरलेली असते आणि जनावर तहानेनं मरतं, ते असं. (त्या दिवसानंतर मी नळी वीतभर खोल पुरली आणि टाकीभोवती तुराट्यांचा कूड घातला. आधी का नाही केलं, हे मला कुणी विचारू नये, मी स्वतःला रोज विचारते.)

तापलेल्या डुकरावर एकदम गारढोण पाणी ओतायचं नसतं, धक्क्यानं ते जागीच दगावू शकतं. मी घरातले प्यायच्या पाण्याचे दोन्ही माठ आणले. बारदान भिजवून आधी पायांखाली, मग मांड्यांत, मग मानेखाली. पोरगा सुपानं वारा घालत होता. साडेचारला ती गेली. पोटातली हालचाल तिच्यामागं थोडा वेळ चालू होती, बारदानाच्या खाली हाताला लागत होती.

वीज सव्वापाचला आली.

दवाखान्यात फोन केला होता. डॉक्टरांकडे दोन ठिकाणांचा कार्यभार, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. माणूस भला आहे, आल्या आल्या हळहळले. पण उन्हानं मेलं असं लिहून द्यायला नमुन्यात रकाना नाही, म्हणाले. ती रात्र मी कशी काढली ते आपल्याला कळणार नाही. अचानक मेलेलं जनावर, अंगावर लालसर झाक, आणि 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर पहिल्यांदा सापडल्यापासून प्रत्येक डुकरंवाल्याच्या पोटात बसलेला गोळा. तो रोग असेल तर अख्खं शेड जाणार. ऊन असेल तर फक्त ‘मोठी’ गेली. दोन्हींत ताप तसाच चढतो. उघडून बघणारं त्या संध्याकाळी कुणी नव्हतं.

आता तक्रारी सांगते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली, अर्थातच, यादीची. 2019 च्या पशुगणनेत देशात 90 लाखांवर डुकरं मोजली गेली. मोजायला माझ्या शेडात माणूस आला होता, पिल्लंसुद्धा मोजून गेला. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर माद्या नि दहा नरांच्या वराहपालन प्रकल्पाला 50 टक्के, म्हणजे 30 लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. म्हणजे डुक्कर वाढावं असं सरकारला वाटतं. वाढवायला पैसे देताना आठवतं आणि जगवायची पाळी आली की विसरतं, असं कसं चालेल? आणि जनावराला ऊन लागतं हे सरकारला माहीत नाही असंही नाही. ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. जिथं पारा 37 अंशांच्या वर जातो, तिथं दुपारी बारा ते तीन त्यांना कामाला जुंपायचं नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी बैलासाठी एवढा विचार केला. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की जनावराला पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. मला तो कायदा मान्य आहे. फक्त पाण्याच्या यादीतून माझं जनावर गाळायचं आणि कायद्यात मला धरायचं, हे एकाच वेळी करू नका.

दुसरी विजेची, आणि माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी. आमची मोटार शेतीपंपाच्या वाहिनीवर. काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री, असं चक्र. धानाला रात्री पाणी दिलं तरी धान रागवत नाही. डुकराला पाणी लागतं दुपारी बारा ते पाच. रात्री टाकी भरून ठेवावी म्हटलं तर ते पाणी दुपारपर्यंत तापतं. शेडातले पंखे गावठाणच्या लाइनीवर, आणि तिथं मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची कामं निघतात. फांद्या तोडणं, तारा ओढणं. नेमकी अकरा ते चार. ही कामं व्हायलाच पाहिजेत, नाहीतर पहिल्या वादळात चार दिवस अंधार. पण सकाळी सहा ते दहा करा ना. खांबावर चढलेल्या त्या पोराचंही भलं होईल. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळणार असं आम्ही काही वर्षं ऐकतोय. आमच्या वाहिनीचा नंबर कधी, एवढी तारीख कुणी सांगितली तरी त्या हिशेबानं हौद बांधता येईल.

तिसरी पाण्याची. पाजणारी मादी दिवसाला 25 ते 30 लिटर पाणी पिते, कडक उन्हात त्याहून जास्त. वाढीचं जनावर 8-10 लिटर. शिंपडायला वेगळं. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पाइप धरून पाणी उधळतो. तसं कुणी करत असेल तर तो अडाणीपणा आहे. दोन मिनिटं शिंपडायचं, वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, पुन्हा दोन मिनिटं. अंगावरचं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, गारवा त्या उडण्यात आहे, भिजण्यात नाही. सतत ओलं ठेवलं तर पाणीही वाया आणि फरशी घसरडी होऊन गाभण मादीचा पाय मोडायचा धोका. आणि मृगाचा शिडकावा होऊन हवा दमट झाली की शिंपडण्याचा उपयोगच उरत नाही, तेव्हा फक्त वारा कामाला येतो. म्हणून म्हणते, आम्हाला पाणी अमाप नको. मोजून द्या, पण द्या.

शेडाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात आमचीही चूक आहे. बँकेत दिलेल्या अंदाजपत्रकात पत्रा होता. पत्र्याला पावती मिळते, तणसाला मिळत नाही. सात फुटांवर पत्रा, तोंड पश्चिमेला. दुपारी चारला सूर्य सरळ आत. नंतर शिकले की शेडाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, कडेला आठ नि मध्ये बारा फूट उंची, वरची फट उघडी. आता बदलणं परवडत नाही म्हणून पत्र्याला चुन्याचा हात देते, वर वीतभर तणस पसरते, पश्चिमेला ओलं बारदान टांगते. तणसाला आगीची भीती, म्हणून विडी ओढणाऱ्याला मी फाटकातच थांबवते, मग तो अधिकारी का असेना. आपल्याकडे येणारे प्रकल्प अहवाल मंजूर करताना निदान छताची उंची आणि दिशा कुणीतरी बघत जा. विदर्भात छापील नमुना चालत नाही.

बाजाराचं आणि लसीचं तर एका ओळीत सांगता येईल, दोन्ही दुपारी असतात. आठवडी बाजारात डुकरांचा व्यवहार अकराला सुरू होतो. एकावर एक कोंबलेली गाडी, वर ताडपत्री, आणि व्यापारी चहाला गेलेला. मी गाडी उन्हात उभी ठेवायची नाही म्हणून दोनदा भांडले, दोन्हीदा भाव पाडून घेतला. स्वाइन फीवरच्या (आफ्रिकन नव्हे, जुन्या क्लासिकल स्वाइन फीवरच्या) लसीला आलेलं पथक गेल्या एप्रिलमध्ये दीडला पोचलं. एकेकाला पकडायचं, ओरडाआरडा, धावाधाव. उन्हात पळवलेलं डुक्कर सुईआधीच अर्धं मेलेलं असतं. मी त्यांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, जेवायला घातलं, सहाला लस टोचून घेतली. हे मी केलं म्हणून झालं. नियम म्हणून व्हायला हवं.

शेवटची नुकसानीची. राज्य आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत मेलेल्या डुकरापोटी 4,000 रुपये होते, शेळी-मेंढीइतकेच. तो आकडा ‘दुधाळ जनावरं’ या मथळ्याखाली होता, हे वाचून मी एकटीच हसले. डुकराचं दूध काढायला गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. असो. गाभण मादीला मी याच्या पाचपट मोजले होते. पण ते 4,000 सुद्धा मिळायचे कसे? त्याच निकषांतल्या आपत्तींच्या यादीत पूर होता, गारपीट होती, थंडीची लाट होती, दवाचं गोठणंही होतं. उष्णतेची लाट नव्हती. राज्यानं स्वतःची आपत्ती म्हणून जाहीर केली तर निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो, पण त्यासाठी खालून कुणीतरी मागणी करावी लागते. आमच्या जिल्ह्यात थंडीनं डुक्कर मेल्याचं मी ऐकलेलं नाही. विम्याचं म्हणाल तर पशुधन विम्यात शेतकऱ्याचा वाटा 2024 मध्ये 15 टक्क्यांवर आणला, हे चांगलं झालं. मी उतरवायला गेले तेव्हा कानात बिल्ला मारायला माणूस यायचा होता. तो अजून यायचा आहे.

आणि पंचनाम्यात न मावणारं नुकसान वेगळंच. उन्हानं तापलेल्या नराचं वीर्य पुढचे पाच-सहा आठवडे कमजोर राहतं. मे महिन्यात नर तापला की जूनमध्ये नराला दाखवलेल्या माद्या गाभण न राहता उलटतात, जुलैत पुन्हा दाखवाव्या लागतात, आणि ज्या राहिल्या त्यांना पिल्लं कमी होतात. माझ्या वहीत उन्हाळ्यानंतरच्या वेतांना सहा-सात पिल्लं लिहिलेली आहेत, जिथं एरवी दहा असतात. ती न जन्मलेली पिल्लं कुठल्या रकान्यात लिहायची? मी मागत नाही त्यांचे पैसे. उन्हाळा संपला म्हणून आमचा उन्हाळा संपत नाही, एवढं आपल्याला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आमच्या बाजूनं जे करायचं ते आम्ही करतो. खाणं पहाटे साडेपाचला आणि रात्री आठला. दुपारी पोटात खाणं पचायला लागलं की आतूनही उष्णता वाढते. हॉटेलचं खरकटं उकळल्याशिवाय देत नाही, आणि उन्हाळ्यात तर दुपारपर्यंत ठेवतच नाही. एका खणात दहाच्या जागी आठ जनावरं. मादी नराला दाखवायची ती पहाटेच. निंबाची अकरा झाडं लावली, सात जगली.

आता मागण्या. सगळ्या याच मोसमात होण्यासारख्या आहेत, सहावी सोडून.

1. फळ्यावरचा तो कागद दुरुस्त करून पुन्हा काढावा. त्यात डुकराचं नाव घालावं, आणि टँकरच्या मागणीत गावातली डुकरं धरावीत. संख्या आपल्याच पशुगणनेत आहे.

2. एप्रिल ते जून या काळात वराहपालन, कुक्कुटपालन नि दुधाचे गोठे असलेल्या वाहिन्यांवर दुपारी बारा ते चार निदान दोन तास वीज द्यावी. दुरुस्तीची कामं सकाळी दहाच्या आत संपवावीत, आणि वीज जाणार असेल तर आदल्या दिवशी मोबाइलवर कळवावं.

3. लसीकरण, बिल्ले मारणं आणि गावातली मोकाट डुकरं पकडण्याची मोहीम सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरच करावी.

4. आठवडी बाजारात डुकरांचा व्यवहार सकाळी सहाला सुरू व्हावा. तिथं एक छत आणि एक पाण्याचा नळ असावा. बैलांच्या बाजूला दोन्ही आहेत, थोडे पुढं वाढवले तरी भागेल.

5. उन्हाळ्यात डुक्कर अचानक मेलं तर चोवीस तासांच्या आत शवविच्छेदन व्हावं, आणि दाखल्याच्या नमुन्यात ‘उष्माघात’ असा रकाना असावा.

6. उष्णतेच्या लाटेत मेलेल्या जनावरांना भरपाई मिळावी म्हणून आपल्या कार्यालयानं शासनाकडे प्रस्ताव पाठवावा, आणि पाठवल्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी.

या मागण्यांचा अर्ज मी पंचायत समितीत दिला आहे, पोचही घेतली आहे. हे पत्र जाहीर करते आहे ते एवढ्याचसाठी की आसपासच्या तालुक्यांत माझ्यासारखे बरेच जण आहेत, आणि त्यातले निम्मे अर्ज करायला लाजतात. डुकरांसाठी पाणी मागायला गेलं की कचेरीत आधी हसू येतं, मग उत्तर. लाजू नका म्हणावं त्यांना. आपल्या गावच्या फळ्यावरचा कागद वाचा आणि माझ्यासारखाच अर्ज द्या.

साहेब, शेड बघायला जरूर या. सकाळी नको, सकाळी सगळी शेडं छान दिसतात. दुपारी दोनला या, आणि ग्रामपंचायतीतल्या त्या भाऊंनाही बरोबर आणा. त्यांचा चहा माझ्याकडे बाकी आहे. येताना पायात जुनी चप्पल घाला, आणि विडी-काडी फाटकाबाहेर ठेवा.

आपली,
एक वराहपालक शेतकरीण
(नाव-गाव पंचायत समितीतल्या अर्जावर आहे.)

ता. क. – पत्र लिहून होईस्तोवर अकरा वाजले. शेडातल्या थर्मामीटरवर 41 आहे, वीज दहाला गेली. ठिबकच्या नळीला मी आत्ता कळशी जोडून दिली आहे, दर वीस मिनिटांनी भरावी लागते.